आयटीआयचा मोटर मेकॅनिक ट्रेड: इंजिन बांधता येतं, बिघाड शोधता येतो का?

दोन वर्षांचा एमएमव्ही (मेकॅनिक मोटर व्हेईकल) ट्रेड पूर्ण केलेला मुलगा इंजिन पूर्ण खोलून परत बांधू शकतो. त्याच मुलापुढे चेक इंजिनचा दिवा लागलेली गाडी चालू अवस्थेत आणून उभी केली, तर बहुतेकदा त्याचा हात आधी पान्याकडे जातो, मीटरकडे जात नाही. या ट्रेडची ताकद आणि उणीव दोन्ही यात आल्या. प्रवेशाचे विकल्प भरण्याआधी हे ध्यानात असलं तर संस्था निवडणं सोपं जातं. आत गेल्यावर ती दोन वर्षं कशी वापरायची, हेही कळतं.

आधी चौकट सांगून टाकू. मेकॅनिक मोटर व्हेईकल हा केंद्राच्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेतला ट्रेड आहे. विज्ञान आणि गणितासह दहावी पास एवढीच अट. महाराष्ट्रात प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रक्रियेतून होतो आणि सरकारी आयटीआय चारशेच्या वर असल्यामुळे तालुक्याच्या मुलालाही हा ट्रेड आवाक्यात असतो. २०२२ च्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास आहेत, त्यांतले ८४० तास प्रात्यक्षिकाचे. शिवाय प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे १५० तास वेगळे. लेखी परीक्षा संगणकावर पर्यायी प्रश्नांची, पास व्हायला ३३ टक्के. प्रात्यक्षिकाला मात्र ६० टक्के लागतात. सरकारी संस्थेची फी कुणालाही परवडेल अशी आहे. एवढ्या खर्चात खरं इंजिन हाताळायला मिळणं ही लहान गोष्ट नाही.

जे खरोखर चांगलं शिकवलं जातं

पहिल्या वर्षाचं मोजमाप आणि इंजिन ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्त करून बांधणं) ही या ट्रेडची सर्वांत भक्कम बाजू. जिथे शिल्प निदेशक, म्हणजे ट्रेडचे सर, मन लावून शिकवतात, तिथे मुलगा सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं बोअर गेज धरायला शिकतो आणि हे कौशल्य गॅरेजमध्ये राहून सहसा मिळत नाही. गॅरेजमध्ये पिस्टन काढला की ब्लॉक सरळ बोअरिंगवाल्याकडे जातो. तिकडून जो आकडा येतो तो मानायचा. आयटीआयमध्ये एकेका सिलिंडरची सहा मापं घ्यायला लावतात: वर, मध्ये, खाली अशा तीन पातळ्या आणि प्रत्येक पातळीवर दोन दिशा, एक क्रँकच्या रेषेत आणि दुसरी तिला काटकोनात. एकाच पातळीवरच्या दोन मापांतला फरक म्हणजे अंडाकृती झीज आणि एकाच दिशेतल्या वरच्या-खालच्या मापांतला फरक म्हणजे टेपर. झीज सर्वांत जास्त वरच्या रिंगच्या वळणबिंदूपाशी आणि काटकोनातल्या दिशेने दिसते, कारण पिस्टनचा दाब तिकडेच येतो आणि तेल तिथेच कमी पोचतं. ही मापं एकदा स्वतः लिहून काढलेल्या मुलाला धूर, तेल खाणं आणि कमी कॉम्प्रेशन यांचा संबंध वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

रिंगचा गॅप मोजणं, प्लॅस्टिगेजने (दाबली की पसरणारी मऊ पट्टी) बेअरिंगचा क्लिअरन्स बघणं, हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने टप्प्याटप्प्याने कसणं, हेही व्यवस्थित होतं. चुका कुठे होतात तेही ठरलेलं आहे. रिंग हाताने तशीच आत ढकलली की ती तिरकी बसते आणि फट मोजायचं फीलर गेज खोटं माप देतं. पिस्टन उलटा करून त्याच्या सपाट माथ्याने ती सरळ आत सरकवायची असते. प्लॅस्टिगेज घातल्यावर क्रँक फिरवला तर पट्टी घासली जाते आणि मापाला अर्थ उरत नाही. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट कसणारा पाना) वापरून झाल्यावर तिच्या सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवायची सवय नसेल तर स्प्रिंग थकते आणि पुढच्या तुकडीला चुकीचं कसणं शिकवलं जातं. भेट द्याल तेव्हा कपाटातली टॉर्क रेंच कुठल्या आकड्यावर ठेवली आहे ते जरूर बघा. वर्कशॉपची शिस्त तिथे कळते.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. बऱ्याच संस्थांतली ओव्हरहॉलची इंजिनं जुनी आहेत. त्यांचे हेड बोल्ट ठरावीक टॉर्कवर कसून पुन्हा पुन्हा वापरता येतात. नव्या इंजिनांत बरेचदा आधी थोडा टॉर्क आणि मग ठरावीक अंशांचा कोन अशी पद्धत असते, आणि बोल्ट ताणला जात असल्यामुळे तो नवाच घालावा लागतो. आयटीआयच्या सवयीने जुनाच बोल्ट घातला की हेड गॅसकेट काही महिन्यांत बोलायला लागतं. हा फरक फळ्यावर एका तासात सांगता येतो. तो सांगितला जातो का, हे संस्थेगणिक बदलतं.

गिअरबॉक्स, क्लच, डिफरन्शियल, ब्रेक, सस्पेन्शन ही दुसऱ्या वर्षाची यांत्रिक कामं बहुतेक ठिकाणी बरी होतात. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

जिथे ट्रेड कमी पडतो

इलेक्ट्रिकल आणि इंजिन कंट्रोल. अभ्यासक्रमात दोन्ही आहेत, मीटर आहे, सेन्सर आहेत, गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनरसुद्धा आहे. अडचण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. सेन्सर ओळखायला शिकवतात, पण सर्किटमधला दोष पकडायला शिकवणं फार थोड्या ठिकाणी होतं. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आल्यावर स्कूटरमध्येही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, म्हणजे गावच्या दुचाकी गॅरेजमध्येसुद्धा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) येऊन बसला. २०२३ पासून नियम आणखी कडक झाले. अशा वेळी मेकॅनिकच्या कमाईचा मोठा भाग निदानावर ठरतो. पार्ट बदलणं कुणालाही जमतं, कुठला बदलायचा हे कळणाऱ्याला पैसे मिळतात.

एक साधं उदाहरण घेऊ. गाडीचा सेल्फ जड फिरतो. एमएमव्हीचा सरासरी मुलगा बॅटरी बदलायला सांगेल, नाहीतर सेल्फ मोटर उतरवेल. खरी पद्धत अशी. बॅटरी विश्रांतीत मोजायची. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, गाडी चालू होणार नाही अशी सोय करून, सेल्फ मारत असताना बॅटरीच्या टर्मिनलवर मोजायचं. आकडा ९.६ च्या खाली गेला तर आधी बॅटरीकडे बघा. दहाच्या वर राहिला आणि तरीही सेल्फ जड असेल, तर वायरिंगकडे वळायचं. मीटर व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या प्लस खांबावर, काळं टोक सेल्फ मोटरच्या जाड टर्मिनलवर आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या बाजूच्या केबलमध्ये, क्लॅम्पमध्ये किंवा सोलेनॉइडच्या (सेल्फच्या विद्युत स्विचच्या) संपर्कात अडथळा आहे. मग काळं टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, लाल टोक सेल्फ मोटरच्या बॉडीवर. इथे ०.२ ते ०.३ पर्यंत चालतं. एक-दीड व्होल्ट दिसला तर इंजिनची अर्थिंग पट्टी गंजलेली आहे, किंवा रंगकाम झाल्यावर पट्टीखालचा रंग खरवडायचा राहिला आहे. टोक क्लॅम्पवर न ठेवता थेट खांबावर ठेवायचं, नाहीतर क्लॅम्प आणि खांब यांच्यातलाच दोष मापातून निसटतो.

हेच काम ओहममध्ये का होत नाही, हे कळलं तर विद्यार्थ्याचं अर्धं इलेक्ट्रिकल पक्कं होतं. सेल्फ मोटर सहज १५० अँपिअर ओढते. वाटेत ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी १५० गुणिले ०.०१ म्हणजे दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. साध्या मीटरवर ०.०१ ओहम दिसतच नाही, तो शून्य दाखवून केबल चांगली असल्याचं सांगतो. जाड केबलच्या दहा तारांपैकी नऊ तुटल्या असल्या तरी मीटरचा कंटिन्युइटीचा (वायर जोडलेली असल्याचं सांगणारा) बझर वाजतोच. म्हणून भार चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप मोजायचा. लेखी परीक्षेत ओहमच्या नियमाचा प्रश्न मुलं बरोबर सोडवतात, पण हा संबंध त्यांना फळ्यावर कुणी जोडून दिलेला नसतो.

सेन्सरचंही तसंच. स्कॅनरवर पी ०११८ आला, म्हणजे कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त. मुलगा सेन्सर बदलतो. कोड पुन्हा येतो. मग ईसीयू खराब असल्याचा निकाल लागतो. पाच मिनिटांची चाचणी अशी आहे: स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडायचा. सर्किट तुटलेलं असेल तर तापमान उणे ४० च्या आसपास दिसतं. सेन्सरचा कनेक्टर काढून हार्नेसकडच्या (गाडीच्या वायरींच्या बाजूच्या) दोन पिना जंपर वायरने जोडायच्या. आकडा एकदम वर, १२० च्या पलीकडे उडाला तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठीक, दोष सेन्सरमध्ये. आकडा हललाच नाही तर वायर तुटलेली आहे, कनेक्टरची पिन मागे सरकलेली आहे, किंवा दोष ईसीयूत आहे. मग कनेक्टर काढलेल्या अवस्थेत सिग्नल वायरवर ५ व्होल्ट येतात का ते बघायचं. आले तर अर्थची वायर तपासायची, नाही आले तर सिग्नलची. सेन्सर हातात घेऊन ओहम मोजले तर सर्वसाधारण सेन्सर २० अंशांना दोन-तीन किलोओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास दाखवतो. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा.

इथे दोन खबरदाऱ्या. काही ईसीयू बिघाड ओळखल्यावर स्वतः ठरवलेलं तापमान वापरतात आणि स्कॅनरवरही तेच दाखवतात, रेडिएटरचा फॅन सतत फिरत ठेवतात. तेव्हा उणे ४० दिसलं नाही म्हणजे सर्किट चांगलं, असं धरू नये. आणि जंपरचा हा प्रयोग दोन वायरींच्या सेन्सरपुरताच. तीन वायरींच्या सेन्सरवर ५ व्होल्टची रेफरन्स वायर अर्थला टेकवली, की त्याच रेफरन्सवर चालणारे बाकीचे सेन्सरही एकदम मरतात आणि पाच-सहा नवे कोड उभे राहतात.

पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हा कोड आला की ऑक्सिजन सेन्सर बदलायची रीत पडली आहे. खरं तर तो सेन्सर जे दिसलं ते सांगत असतो. फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो, ते बघायला शिकवलं पाहिजे. आयडलला (गाडी उभी, पाय अॅक्सिलरेटरवर नसताना) ट्रिम अधिक वीस टक्क्यांपर्यंत जाऊन अडीच हजार आरपीएमवर सुधारत असेल तर हवेची गळती. वेग आणि भार वाढेल तशी ट्रिम वाढत गेली तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप किंवा प्रेशर रेग्युलेटर. हा नियम एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांना नीट लागू पडतो. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅप सेन्सरवर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) चालतात. तिथे गळतीची हवा सेन्सरला दाबातून कळते, ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो, आणि लक्षण म्हणून ट्रिम बिघडण्याआधी आयडल चढलेला दिसतो. हा फरक न सांगता कोडची यादी पाठ करून घेणं म्हणजे विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेला लावणं.

डिझेलची एक धोक्याची सवय

जुन्या इनलाइन पंपाच्या इंजिनवर कुठला सिलिंडर मिस मारतोय ते शोधायला इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या पाइपचा युनियन नट ढिला करतात. आयटीआयच्या जुन्या इंजिनावर ही पद्धत शिकवली जाते आणि त्या इंजिनावर ती चालतेही. कॉमन रेल इंजिनावर, जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जाड नळीतून (रेल) डिझेल मिळतं, हे कधीही करू नये. तिथे रेलमधला दाब दीड हजार बारच्या पुढे जातो आणि त्या दाबाने सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून टोचल्याएवढी जखम दिसते, पण हात कापायची वेळ येऊ शकते. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरेपर्यंत थांबायचं. सिलिंडर शोधायचा तर स्कॅनरमधून एकेक इंजेक्टर बंद करून शोधायचा. इंजेक्टरची झीज बघायला बॅक लीक चाचणी: प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न नळी वेगळ्या बाटलीत सोडायची, इंजिन सारखाच वेळ चालवायचं आणि पातळ्या शेजारी शेजारी ठेवून बघायच्या. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट डिझेल जमलं तर तो इंजेक्टर गेला. नवा बसवल्यावर त्याच्यावर कोड छापलेला असेल तर तो ईसीयूमध्ये भरावा लागतो, नाहीतर खडखडाट आणि धूर राहतो. प्रशिक्षणात या पद्धती जुन्या पद्धतीच्या शेजारीच, त्याच दिवशी सांगायला हव्यात.

ही उणीव राहते कशामुळे

कारण पैशाचं कमी आणि रचनेचं जास्त आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत ठरलेला जॉब असतो: अमुक भाग उतरवा, मापा, बसवा. अनोळखी बिघाड घातलेली गाडी समोर ठेवून तो लेखी कारणासह शोधायला लावणं परीक्षेत मध्यवर्ती नाही, म्हणून वर्षभरातही नसतं. दुसरं, चालू गाडीत मुद्दाम दोष घालायला संस्था कचरतात, कारण साहित्य बिघडलं तर नोंदवहीत उत्तर द्यावं लागतं. तिसरं, काही ठिकाणी निदेशकांची पदं रिकामी असतात आणि तासिका तत्त्वावर आलेल्या माणसाला एकाच वेळी दोन तुकड्या सांभाळाव्या लागतात. चालू इंजिनाभोवती चोवीस मुलं उभी करून एकट्याने निदान शिकवणं अवघड असतं, ही त्यांची बाजू न्याय्य आहे.

तरीही थोडक्या खर्चात होण्यासारखं खूप आहे. हेडलाइटच्या अर्थिंगमध्ये १ ओहम, २५ वॅटचा रेझिस्टर घाला आणि तो टेप गुंडाळून लपवा. दिवा पिवळा पडतो. फ्यूज ठीक, बल्ब ठीक, कंटिन्युइटीचा बझर वाजतो. मुलं वायरिंग बदलायला निघतात. मीटर भाराखाली लावला तर अर्थच्या बाजूला साडेतीन-चार व्होल्ट दिसतात आणि गोष्ट उघड होते. चालू इंजिनाच्या स्टँडवर सेन्सरच्या वायरींमध्ये आठ-दहा टॉगल स्विच बसवून बंद पेटीत ठेवले, की रोज नवा बिघाड तयार होतो आणि काहीही न मोडता परत जातो. ज्या संस्थेत अशी फॉल्टची पेटी आहे ती डोळे झाकून पहिल्या विकल्पात टाकावी.

विकल्प भरण्याआधी संस्थेत जाऊन काय बघावं

नवी रंगवलेली कट सेक्शन मॉडेल्स (आतले भाग दिसावेत म्हणून कापलेली इंजिनं) बघून भुलू नका. ती पहिला आठवडा उपयोगी पडतात. इंजेक्शनचं एखादं इंजिन चालू करून दाखवा म्हणा. बॅटरी उतरलेली, पेट्रोल नाही, चावी दुसऱ्या सरांकडे, असं उत्तर आलं तर ते इंजिन बऱ्याच दिवसांत चाललेलं नाही. मीटर किती आहेत ते विचारा. दोन मुलांमागे एक चालतो, पण तुकडीमागे दोन असतील तर बाकीची मुलं बघत उभी राहतात. स्कॅनर असेल तर त्यात बीएस-६ गाड्या आहेत का. अपडेट थांबलेला स्कॅनर २०१५ च्या गाडीपुढे जात नाही. कॉम्प्रेशन गेजचे सगळे अॅडॉप्टर जागेवर आहेत का. गाडी उचलायची लिफ्ट वापरात आहे की तिच्याखाली बाकं रचलेली आहेत. ट्रेनिंगच्या गाड्यांची सर्व्हिस मॅन्युअल आणि वायरिंग डायग्राम मुलांच्या हाती पडतात का, हा माझ्या लेखी लिफ्टपेक्षाही मोठा प्रश्न आहे. डायग्रामशिवाय निदान म्हणजे अंदाज.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना बाजूला गाठून विचारा की या महिन्यात कुठला बिघाड शोधला. ती "गिअरबॉक्स उघडला" म्हणाली तर समजून घ्या. "सेन्सरला पाच व्होल्ट येत नव्हते" असं एखादं उत्तर मिळालं तर तिथले सर चांगले आहेत. निदेशकांनी सीआयटीएस, म्हणजे निदेशकांसाठीचं प्रशिक्षण केलं आहे का, हेही विचारायला हरकत नाही.

काही आयटीआयमध्ये कंपन्यांशी जोडलेले कार्यक्रम चालतात. टोयोटाचा टी-टेप आणि मारुती सुझुकीची कौशल्य केंद्रं ही त्यातली ओळखीची नावं. अशा जागी नव्या पिढीची गाडी आणि ठरलेली कामाची पद्धत मिळण्याची शक्यता जास्त. मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड लवकर कामाला लागायचं असेल तर ठीक आहे, पण चारचाकीत पुढे जायचं असेल तर एमएमव्हीची दोन वर्षं घ्यावीत. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही खुली राहते.

स्वतःच्या खिशातून काय घ्यावं

संस्था कशीही असली तरी एक मल्टिमीटर स्वतःचा हवा. हजार-दीड हजारात चांगला डिजिटल मीटर येतो. १० मेगाओहम इनपुट इम्पिडन्स आणि कमाल-किमान धरून ठेवण्याची सोय एवढं बघा. सेल्फ मारताना व्होल्ट कुठवर खाली गेले ते कमाल-किमान बटणाशिवाय नजरेने पकडता येत नाही. अँपिअरच्या भोकात टोक ठेवून बॅटरीवर मोजलं की मीटरचा फ्यूज उडतो, आणि स्वस्त मीटरमध्ये फ्यूजच नसला तर टोकं वितळतात. ही चूक जवळपास प्रत्येक तुकडीत होते.

टेस्ट लॅम्प दोन ठेवावेत. बल्बचा लॅम्प फ्यूज, दिवे, हॉर्न यांच्यासाठी चांगला, कारण तो थोडा भार टाकतो. ईसीयूच्या सिग्नल वायरींवर तो लावू नये, तिथे एलईडीचा किंवा मीटर. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना दोन्हींतलं काहीही लावायचं नाही.

गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये लावून मोबाइलवर कोड वाचायचा, तीन-चारशे रुपयांचा ईएलएम ३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल शिकण्यासाठी घेण्यासारखा आहे, त्याची मर्यादा माहीत असेल तर. तो इंजिनचे सर्वसामान्य कोड, फ्रीझ फ्रेम (बिघाडाच्या क्षणाची नोंद) आणि लाइव्ह डेटा वाचतो. एबीएस, एअरबॅग, इमोबिलायझरकडे बहुतेकदा पोचत नाही. बाजारातल्या नकली डोंगलवर २.१ छापलेलं असलं तरी त्यातले बरेच १.५ वाल्यांपेक्षा कमी आज्ञा पाळतात, म्हणून मोठा आकडा बघून खूश होऊ नये. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ चालत नाही, वायफाय किंवा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचा घ्यावा लागतो. अशा डोंगलचा वेग कमी असल्यामुळे क्षणभर तुटणारा सिग्नल दिसत नाही. आणि काम झालं की सॉकेटमधून काढायचा, गाडी आठवडाभर उभी राहिली तर तो बॅटरी उतरवतो.

या निदान सॉकेटच्याच पिना शिकण्यासाठी सोन्यासारख्या आहेत. १६ नंबरला बॅटरीचा प्लस, ४ आणि ५ ला अर्थ. स्कॅनर चालूच होत नसेल तर आधी या तीन पिना मोजा, बरेचदा सिगारेट लायटरचा फ्यूज उडालेला सापडतो कारण अनेक गाड्यांत तोच सॉकेटलाही पुरवठा करतो. ६ आणि १४ या कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या ईसीयूंना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन वायरींच्या पिना. इग्निशन बंद करून, बॅटरीचं टर्मिनल काढून त्यांच्यामध्ये ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर दोनपैकी एक टर्मिनेशन (वायरींच्या टोकाचा रेझिस्टर) तुटलं आहे, शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मध्ये गेटवे (सॉकेट आणि आतलं जाळं वेगळं ठेवणारा भाग) असलेल्या गाड्यांत हा हिशेब सॉकेटपाशी जुळत नाही, तिथे डायग्राम बघूनच पुढे जायचं.

इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल या ट्रेडकडून ओळखीपलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. बहुतेक चारचाकी ईव्हीत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो. नारिंगी केबल, हजार व्होल्टचे क्लास झिरो हातमोजे, १२ व्होल्टची बॅटरी सोडवणं, सर्व्हिस प्लग (मुख्य बॅटरीचा पुरवठा तोडणारा) काढणं, कपॅसिटर रिकामे व्हायला गाडीच्या मॅन्युअलने सांगितलेली मिनिटं थांबणं आणि योग्य दर्जाच्या मीटरने शून्य व्होल्ट असल्याची खात्री करणं, हा क्रम पाठ नसेल तर नारिंगी केबलला हात लावायचा नाही. हातमोजे दर वेळी हवा भरून भोक आहे का ते बघायचे.

१५० तास आणि पुढची अॅप्रेंटिसशिप

प्रत्यक्ष कामाचे १५० तास कुठे घालवता यावर बरंच ठरतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलेल्या मुलांना पहिले काही दिवस वॉशिंग आणि ऑइल बदलण्यावर ठेवतात. तिथे जॉब कार्ड वाचायला मागा. ग्राहकाने काय तक्रार सांगितली, तंत्रज्ञाने काय मोजलं, काय बदललं आणि गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली का, या चार गोष्टी वहीत उतरवल्या तर दोन आठवड्यांत वर्गातल्या सहा महिन्यांएवढं निदान कळतं. डायग्नोस्टिक तंत्रज्ञाच्या शेजारी बसायची परवानगी मिळाली तर इतर कामं थोडी कमी शिकलात तरी चालेल.

अॅप्रेंटिसशिपसाठी एसटीचे आगार, शहर बससेवा, पिंपरी-चाकण-नाशिक पट्ट्यातल्या गाड्यांच्या कंपन्या आणि डीलरची वर्कशॉप हे मुख्य पर्याय. आगारात मोठी गाडी, एअर ब्रेक आणि रोजच्या चालू बिघाडांचा भरपूर सराव मिळतो. कंपनीच्या असेंब्ली लाइनवर शिस्त आणि टॉर्कचं महत्त्व कळतं, नाव मोठं मिळतं, पण वर्षभर एकाच स्टेशनवर तेच चार बोल्ट कसले जातात आणि बिघडलेली गाडी समोर येतच नाही. ज्याला दुरुस्तीतच राहायचं आहे त्याने स्टायपेंड थोडा कमी असला तरी डीलरचं वर्कशॉप किंवा आगार निवडावं, आणि मुलाखतीतच विचारून घ्यावं की इलेक्ट्रिकल बे वर किती महिने ठेवणार.